ऑबी मारणे

कॅस्केड रोड, नॉरफोक बेट
११ मार्च २०१८

ऑबी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते, कोणी मेलेलं नाही. मी धडधाकट आहे, गुडघे सोडून. नाताळच्या कार्डापलीकडे तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही, आणि त्या कार्डावर तरी काय असतं, छापील शुभेच्छा आणि खाली 'डॉकी'. तुझ्याकडून तुझी मॉरीनच सही करायची, दोघांच्या नावानं. ती गेल्यापासून तेही बंद झालं. असो. भांडायला बसलेले नाही.

माझ्या मागच्या खोलीत एक भाडेकरू आली आहे. ब्रॉन्विन तिचं नाव, कॅनबेराची, तिशीतली. मला वाटलं सुट्टीवर आली असेल, पोहेल, उन्हात पडेल आणि जाईल. पण बाई निघाली शब्दकोशवाली. लोक नुसते तोंडानं बोलतात असे शब्द ती जमवते. पुस्तकातले नव्हेत, गुत्त्यातले, बांधकामावरचे, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी पोरं म्हणतात ते. पोटात पाच महिन्यांचं पोर, नवरा तिकडे, आणि ही एका शब्दाच्या मागे समुद्र ओलांडून आली आहे.

कुठला शब्द ते तू ओळखलंसच.

मला माहीत नव्हतं, ऑबी, की तो एवढा लांब गेला आहे. इथली पोरं ब्रिस्बेनला कामाला गेली, त्यांच्याबरोबर गेला. आता म्हणे तिकडे रग्बीवाले म्हणतात, गवंडी म्हणतात. ऐन लग्नाच्या दिवशी नवरा पळाला तर 'त्यानं ऑबी मारली'. घराचा सौदा शेवटच्या दिवशी फिसकटला तर 'ऑबी मारली'. म्हणणाऱ्यांनी आपलं बेटही पाहिलेलं नसतं. ब्रॉन्विन एकाला विचारून दुसऱ्याकडे, दुसऱ्याला विचारून तिसऱ्याकडे अशी करत करत आपल्या धक्क्यापर्यंत पोचली, आणि आता रोज संध्याकाळी क्लबात लिंबूपाणी पीत बसते आणि विचारते, "हा शब्द आला कुठून हो?"

तुला कळावं म्हणून लिहिते, सगळं बेट एका सुरात खोटं बोललं. मासेवाल्या स्नॅपरनं सुरुवात केली. "बाई, ऑबी नावाचं जहाज होतं. फ्रेंच होतं. यायचं, बेट बघायचं आणि परत जायचं." त्याच्या मेव्हण्याला राहवेना. "कसलं फ्रेंच? ताहितीतला शब्द आहे तो. ऑबी म्हणजे खेकडा. मागे मागे जातो ना!" तिनं दोन्ही लिहून घेतलं. स्नॅपर गंभीर तोंडानं म्हणाला, "जहाजाचं दोनदा अधोरेखित करा." तुझ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. हीच माणसं, ज्यांनी तुला तेव्हा जगणं नकोसं केलं होतं.

शेवटी तिनं मला गाठलं. "डॉकीमावशी, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, मला नारळाचा पाव करपल्याचा वास येतोय, आणि आत निघून गेले. भट्टीत पाव नव्हताच.

पण ती सोडणाऱ्यांतली नाही, आणि खोटं किती दिवस पुरणार? म्हणून विचारते. कोशात एकदा छापलं की ते कायमचं. तुझं नाव सांगू की नको? तू नको म्हणालास तर मी मरेपर्यंत पाव भाजत राहीन.

डॉकी


८ एप्रिल २०१८

ऑबी,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, पण तुझ्या हातच्या. दिवसभर ॲप्रनच्या खिशात घेऊन हिंडले.

तू लिहिलंस की तिथं तुला सगळे जॅक म्हणतात. बोअरचे पंप दुरुस्त करणारा जॅक. मला ठाऊक नव्हतं. आणि मागच्या उन्हाळ्यात कुठल्याशा मेंढ्यांच्या फार्मवर शिडी चढताना थांबलास तर खालून एक पोरगा ओरडला, "ए म्हाताऱ्या, आता ऑबी मारू नकोस!" त्याला तुझं खरं नाव माहीत नव्हतं. हे वाचून मी आधी हसले. मग हसू कुठल्या कुठे गेलं. ज्याच्यापासून पळालास तो शब्द त्या लाल धुळीत, समुद्राचा वारासुद्धा पोचत नाही तिथं, तुला शोधत आला. आणि खाली तू लिहिलंस, 'काय हवं ते सांग तिला. आईनंच ठेवलेलं आहे ते.'

त्या एका वाक्यासाठी आज लिहायला बसले आहे. आपण दोघं याबद्दल कधीच बोललो नाही.

तो दिवस मला पाठ आहे. नाताळ आलेला. जहाज चार दिवस बाहेर नांगर टाकून उभं होतं आणि समुद्र काही उतरू देत नव्हता. पाचव्या सकाळी जरा शांत झाल्यासारखं वाटलं. पीठ, कांदे, बटाटे, बिअर, पोरांची खेळणी, सगळं त्या जहाजात. अख्खं बेट धक्क्यावर उभं होतं. मालाच्या होड्या निघाल्या, पहिल्या होडीचं सुकाणू तुझ्या हातात. तू लाटा मोजत थांबलास. सगळे थांबले. आता जाणार, आता जाणार, आणि तू ओरडलास, "मागे! मागे!" पहिली होडी फिरली म्हटल्यावर मागच्याही फिरल्या. जहाजाचा कप्तान आधीच वैतागलेला. त्यानं नांगर उचलला आणि आपला नाताळ घेऊन ऑकलंडला निघून गेला.

एक लाट आली असती ना, ऑबी, एकच मोठी, तर तू शहाणा ठरला असतास. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं असतं. लाट आली नाही. पुढचे दोन दिवस समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा पडून राहिला. तू काय पाहिलंस ते तुलाच माहीत. मी तुला कधी विचारलं नाही.

आणि आई म्हणाली. ते खरं आहे. मी तिच्या शेजारीच उभी होते. तुझी होडी फिरली तशी ती मोठ्यानं म्हणाली, "ऑबी! ऑबी आहे ती!" मागे पुरुष उभे होते, त्यांनी ते झेललं. संध्याकाळपर्यंत त्याची म्हण झाली. त्या नाताळात बेटावर पीठ नव्हतं, बिअर नव्हती, पण हसायला एक शब्द होता. गाय रस्त्यात अडली तरी ऑबी, गाडी बंद पडली तरी ऑबी. तुला कुणीतरी सांगितलं असेल की पहिलं आईच्याच तोंडून निघालं. मी नाकारू शकले नाही, कारण मी ऐकलं होतं.

तू फेब्रुवारीत गेलास. आईनं तो शब्द पुन्हा कधी उच्चारला नाही, आणि दुसऱ्या कुणी म्हटला की उठून दुसऱ्या खोलीत जायची. मला वाटायचं, तिला लाज वाटत असेल. ती गेली तेव्हा तुला तार केली, कबर खणणारी माणसं संध्याकाळपर्यंत फावडी टेकून थांबली, आणि तू आला नाहीस. का आला नाहीस ते मी समजले. तरी राग आला. आई आपल्या लेकराबद्दल चारचौघांत असं का म्हणाली हे तिला विचारायला हवं होतं, अशी रुखरुख मला अजून आहे. तू गेल्यावर नऊ वर्षं एका टेबलावर जेवलो आम्ही. बटाटे महागले, पाऊस नाही, हेच बोलत राहिलो.

ब्रॉन्विनला अजून काही सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडते आणि आईचं नाव पुढे येतं. उद्या सांगेन.

डॉकी


२९ एप्रिल २०१८

ऑबी,

बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

गेल्या रविवारी चर्चहून आले तर ब्रॉन्विन माझ्या स्वयंपाकघरात टेबल धरून वाकलेली. चेहरा पांढराफटक. "मावशी, कळा येताहेत." सातवा महिना, ऑबी! आता इथं बाळंतपणं होत नाहीत, बायकांना आधीच तिकडे पाठवतात. इस्पितळाला फोन केला तर डॉक्टर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, येतो म्हणाला. माझं म्हणशील तर मी कोंबडीचीही सुईण नाही. मी उगाच पाण्याचं भांडं ओट्यावर आपटत राहिले. मग आठवलं, शेजारी केझायामावशी आहे. तीच आपली, आता नव्वदीची, काठी घेऊन चालते, पण अर्धं बेट तिच्या हातानं जन्माला आलं आहे. तिला जवळजवळ उचलूनच आणलं.

तिनं आल्या आल्या मला दटावलं. "तू आधी ते भांडं वाजवायचं थांबव." मग ब्रॉन्विनला आडवं केलं, पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "कळा नाहीत गं या. ऑबी आहेत."

मी ओट्याला टेकून उभी होते. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ऑबी आहेत नुसत्या. येतात, दार ठोठावतात नि परत फिरतात. घाबरू नको. पोराला अजून यायचं नाहीये, वेळ झाली की येईल आपण होऊन."

ब्रॉन्विन कोपरावर उठली. "काय म्हणालात?"

"वेळ झाली की येईल म्हटलं."

"त्याच्या आधी! त्याच्या आधी काय म्हणालात? मावशी, माझी पेन्सिल कुठाय?"

"हिला कळा येत होत्या का शब्द येत होते?" केझायामावशी मला म्हणाली.

डॉक्टर आला, त्यानं तपासलं, त्याच्या लांबलचक भाषेत तेच सांगितलं आणि गेला. तोवर ब्रॉन्विनच्या कळाही गेल्या होत्या. ती अंथरुणात बसून विचारत होती आणि म्हातारी चहात बिस्किट बुडवत सांगत होती. हा सुइणींचा शब्द आहे. तिच्या मावशीनं तिला शिकवला, मावशीला तिच्या आजीनं. कळा येऊन परत फिरल्या की त्याला ऑबी म्हणायचं. त्याच्याही आधी कुठून आला ते कुणाला माहीत नाही. बाळंतिणीच्या खोलीतला शब्द, खोलीबाहेर न्यायचा नाही. पुरुषांच्या कानावर तर मुळीच घालायचा नाही.

तिचा कप मी पुन्हा भरला. शेवटी म्हटलं, "मावशी, मग माझ्या भावाचं नाव?"

"अगं, तुझ्या आईला तुझ्या भावाच्या वेळी तीनदा ऑबी झाल्या! मी तेव्हा हाताखाली होते मावशीच्या. तीनदा पाणी तापवलं, तीनदा चादरी काढल्या, नि तीनदा सगळं उचलून घरी आलो. मर्सी हसून हसून म्हणाली, येऊ दे मेल्याला, ऑबीच नाव ठेवते. नि ठेवलंन. बारशाला पाद्री म्हणाला, बाई, हे कसलं नाव? बायबलातलं सांगा. मग चाळून चाळून ओबडाया काढलं. जवळचं होतं म्हणून."

मला आठवतं, ऑबी! पाच वर्षांची होते मी. कपड्यांचं बोचकं देऊन मला केझायामावशीच्या घरी पाठवायचे, उद्या येशील तेव्हा बाळ असेल म्हणून. दुसऱ्या दिवशी यावं तर बाळ नाही. तिसऱ्यांदा मी आईला विचारलं होतं, दुकानातली बाळं संपली का? ती केवढी हसली होती. का हसली ते सदुसष्ट वर्षांनी कळलं मला.

आता धक्क्यावरचं ऐक. आईच्या एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला केझायामावशी. आई बोलली ते तिच्याशी बोलली. बायकांमधलं बोलली. "ऑबी आहे ती," म्हणजे घाबरू नका, अजून वेळ झाली नाही, परत येईल, काही बिघडलेलं नाही. तिला दुसरा शब्दच सुचला नसेल, बाळंतपणं पाहिलेल्या बाईला दुसरा कुठला सुचणार? ती तुझी बाजू घेत होती, ऑबी. अख्ख्या धक्क्यावर तेवढी एकटीच तुझी बाजू घेत होती. मागच्या गाढवांना वाटलं ती तुझं नाव घेऊन ओरडली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि मी शेजारी उभी राहून काही समजले नाही, कारण माझ्यासाठी कधी कुणी पाणी तापवलं नाही. मूल झालं असतं तर शब्द कळला असता. बेटावर ज्या चार-पाचजणींना तो माहीत होता त्या गप्प बसल्या. मी केझायामावशीवर ओरडलेच. नव्वदीच्या बाईवर. "सांगितलं का नाही कुणी?"

ती म्हणाली, "मर्सी आली होती माझ्याकडे. नाताळनंतर. सांगू का सगळ्यांना, म्हणाली. मीच नको म्हटलं. म्हटलं, आत्ता नुसता भित्रा म्हणतायत. बाळंतिणीच्या कळांवरून नाव पडलंय हे कळलं तर पोराला घराबाहेर तोंड काढता येणार नाही. दोन महिने दम धर, विसरतील." मग तिनं बशी खाली ठेवली. "दोन महिन्यांनी तो गेलाच की गं."

"पत्रात लिहायचं ना आईनं!"

"असलं काही जाणत्या मुलाला कागदावर लिहिते का बाई? मर्सीचा हात वळला नसता."

ती रडली. मी तिला रडू दिलं, थांबवलं नाही. मग मीही बसले तिच्याजवळ. ब्रॉन्विननं पेन्सिल केव्हा खाली ठेवली ते आमच्या दोघींच्या लक्षात आलं नाही.

म्हणून लिहिते. शब्द तुझ्यावरून पडला नाही. तुझंच नाव त्या शब्दावरून पडलं, आणि ते लाडानं पडलं. आईनं तुला हिणवलं नाही. हे तिनं तुला सांगायला हवं होतं आणि आता ती सांगू शकत नाही, याचं मला इतकं वाईट वाटतं आहे की पुढे लिहवत नाही.

डॉकी


२० मे २०१८

ऑबी,

तू फोन ठेवल्यावर मी पंधरा मिनिटं तरी फोनशीच बसून होते. तुझा आवाज बाबांसारखा झाला आहे, घशात खडे असल्यासारखा.

"कोण बोलतंय?" मी विचारलं, तर तू म्हणालास, "जॅक." मी म्हटलं, जॅक नावाचं मी कुणाला ओळखत नाही. मग म्हणालास, "ऑबी गं, डॉकी. ऑबी." ते ऐकायला आई हवी होती.

बाउंटी डेच्या सणाला येतो म्हणालास त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तुझी खोली झाडून काढली. गादी उन्हात टाकली तर त्यातून एक उंदरीण आणि तिचं कुटुंब निघालं, त्यांना दुसरीकडे जागा दिली. रताळ्याची भाजलेली पिल्ही करीन, हिरव्या केळ्यांचा मड्डा करीन. ट्रम्पेटर मासा स्नॅपर आणून देणार आहे. त्याला तू येतोयस हे सांगितलं तर तो हातात टोपी फिरवत उभा राहिला.

"माझ्याशी बोलेल का तो?"

"मला काय माहीत?"

"मीच पहिला होतो गं. तुझ्या आईचं ऐकून पहिला मीच ओरडलो होतो." मी अंगण झाडत राहिले. मग म्हणाला, "येऊ दे. बिअरचं खोकं घेऊन विमानतळावर उभा राहतो. त्या नाताळची राहिलीय, म्हणावं."

मी त्याला खरं काय ते सांगितलं आहे. क्लबात आता सगळ्यांना माहीत आहे. केझायामावशी म्हणते, गुपित फोडलंस, आता मला नरकात जागा नाही. पण तीही रोज विचारते, किती दिवस राहिले.

ब्रॉन्विन सुखरूप पोचली. ती लिहिते की कोशात दोन अर्थ येतील, पहिला सुइणींचा, दुसरा पुरुषांचा. उगम बेटावरच्या बायकांच्या बोलीतला, त्याआधीचा अज्ञात. माणसाचं नाव एकाही ठिकाणी येणार नाही. तिला मी तेवढंच मागितलं होतं.

कबरीपाशी आपण दोघं जाऊ. मी एकटी गेले की मला बोलायला काही सुचत नाही.

थंडी आहे, स्वेटर आण.

डॉकी


१० जून २०१८

ऑबी,

रागावलेली नाही. आधी वाटलं होतं रागावले आहे, पण नाही.

विमानतळावर सगळे आले होते. बाउंटी डेचे पांढरे कपडे आधीच घालून आले होते काहीजण. स्नॅपर खोकं घेऊन कुंपणाशी, केझायामावशी खुर्चीत, मांडीवर गोधडी. माणसं उतरायला लागली. पर्यटक, पर्यटक, क्लबवाल्यांची नात, पुन्हा पर्यटक. दार बंद झालं. तिथल्या पोरीनं आत जाऊन विचारलं आणि येऊन मला हळूच सांगितलं की ब्रिस्बेनला तीनदा तुझं नाव पुकारलं, तू दाराशी रांगेत उभा होतास म्हणे, आणि मग नव्हतास.

तुला एक सांगते, ते तुझ्यापर्यंत पोचावं म्हणूनच हे पत्र. ऑबी, सगळ्यांना कळलं होतं काय झालं ते. आणि कोणी तो शब्द म्हटला नाही. चाळीस वर्षं जो कुठंही, कशालाही चिकटवला, तो जिथं अगदी नेमका बसला असता तिथं एकाच्याही तोंडून निघाला नाही. स्नॅपरनं खोकं उचलून गाडीत ठेवलं आणि मला म्हणाला, "चल, तुला घरी सोडतो." एवढंच.

घरी येऊन मी सगळा मड्डा कोंबड्यांना घातला. मग केझायामावशीकडे गेले आणि तिच्यावर पुन्हा ओरडले, कारण दुसरं कोणी ओरडण्याजोगं उरलेलं नाही. म्हटलं, तुमचा हा शब्द तरी काय कामाचा? वेळ झाली की येईल, येईल, म्हणत आई मेली. मीही मरेन. तुम्ही सुइणी नुसत्या हात बांधून बसायचात का?

ती म्हणाली, "कोण म्हणालं बसायचो? ऑबी फार झाल्या की बाईला उठवायचो अंथरुणातून. काठी हातात देऊन चालायला लावायचो, रड, शिव्या दे, पण चाल. पोर येत नसेल तर बाईनं चालायचं असतं. तुझी आई तुझ्या भावाच्या वेळी इथून गिरणीपर्यंत चालली होती नि परत. त्याच संध्याकाळी झाला."

मी घरी आले आणि जेवले नाही.

मला आईचा राग आला, ऑबी, आयुष्यात पहिल्यांदा एवढा आला. गिरणीपर्यंत चालली, आणि विमानात बसली नाही. नऊ वर्षं होती तिच्याकडे. तुझा पत्ता होता. तिकिटापुरते पैसे डब्यात होते, मी स्वतः पाहिले होते. कागदावर लिहिता येत नव्हतं तर येऊन तुझ्या दाराशी उभी राहायची आणि कानात सांगायचं. आणि ती गेल्यावर मी होते, तीस वर्षं. आम्ही दोघी इथं समुद्राकडे तोंड करून बसून राहिलो आणि तू येत नाहीस म्हणून तुला बोल लावला. तुला त्या दारातून चढता आलं नाही त्यात नवल काय? त्या दिवशी होडीत जसं काही दिसलं असेल तसंच काहीसं तुला तिथंही दिसलं असेल. कुणी विचारलं नाही तुला.

मी बेटाबाहेर कधी गेलेली नाही. ओळखपत्राला फोटो काढायचा म्हणून केस कापले तर केझायामावशी म्हणते, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसतेस. स्नॅपरनं तिकीट काढून दिलं, पैसे घेत नाही, खोक्याचे वळते कर म्हणतो. ब्रिस्बेनला ब्रॉन्विन येणार आहे घ्यायला, पोट घेऊन, आणि तुझ्या गावच्या बसमध्ये ती मला बसवून देणार.

तर तू येऊ नकोस. बावीस तारखेच्या शुक्रवारी मी निघते आहे. शनिवारी दुपारी बस तुमच्याकडे पोचते असं म्हणतात. स्टँडवर आलास तर बरं, नाही आलास तर विचारत विचारत येईन. जॅकचं घर विचारू की ऑबीचं, तेवढं मात्र फोनवर कळव. आणि घराला पायऱ्या असतील तर आधीच सांगून ठेव, गुडघ्यांना वेळ लागतो.

डॉकी